फोटो जुना, घाट आजचा

नाशिकच्या गोदाघाटाचा जुना फोटो आणि आजचा घाट जुळवण्यात दिवस कधी सरतो कळत नाही. पहिली खूण होळकर पूल, म्हणजे ब्रिटिशकाळातला व्हिक्टोरिया पूल. त्याची जागा फोटोत असूनही तो कुठेच दिसत नसेल तर फोटो पूल बांधण्याआधीचा.

मग फोटो उलटा छापलाय का ते बघा. काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की डावं-उजवं बदलतं. नाशिकच्या काठावरून पलीकडच्या पंचवटीकडे पाहिलं तर पाणी डावीकडून उजवीकडे जातं, पूल डावीकडे येतो. उलट दिसलं तर प्रिंटच उलटी.

जागा पकडायची तर नारोशंकर मंदिराच्या (बांधकाम 1747) तटाच्या कोपऱ्यावरची छत्री (घुमटाची छोटी मेघडंबरी) आणि मागचं शिखर धरा. दोन्हींतलं अंतर फोटोइतकं होईपर्यंत बाजूला सरका. पुढे-मागे सरकून हे साधत नाही. मोबाइलची वाइड लेन्स नको, शिखर बुटकं दिसतं. दुपारनंतर जा, सकाळी ऊन समोरून येतं.

पाणी दुधासारखं गुळगुळीत दिसलं तर पूर समजू नका, तो लांबलेल्या एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेऱ्याने जास्त वेळ प्रकाश घेतल्याचा परिणाम. पावसाळ्यात मात्र हा नाद नको. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की उभं राहायची जागाच पाण्याखाली जाते.