एस्टीम ईव्ही अपडेट: पाचगणीत न थांबणारा व्हॅक्यूम पंप

पेट्रोल इंजिन काढून इलेक्ट्रिक केलेल्या माझ्या मारुती एस्टीममधला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप पाचगणीत थांबायचाच नाही. ते कोडं एकदाचं सुटलं. पंप ठणठणीत आहे, होज गळत नाही, पंप चालू-बंद करणारा रिलेही चिकटलेला नाही. सगळा घोळ ७५ या आकड्याचा होता.

मांडणी जुनीच आहे. इंजिन गेलं तसा मॅनिफोल्डचा (इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूमही गेला, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी (व्हॅक्यूमच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा भाग) १२ व्होल्टचा व्हेन पंप, ११० मिमी पीव्हीसी पाइपची साधारण अडीच लिटरची टाकी आणि उणे ७५ किलोपास्कलला (बाहेरच्या हवेपेक्षा ७५ ने कमी दाबाला) पंप बंद करणारा डायफ्रॅम स्विच. पुण्यात हे सगळं गुण्यागोविंदाने चालायचं. वाईतही पंप वेळेवर थांबायचा. पसरणी घाट चढून वर आलं की मात्र घरघर थांबायचं नाव नाही, आणि पंपाला हात लावायची सोय नाही इतका तो तापायचा.

पहिला संशय अर्थातच गळतीचा. इथे साबणाच्या पाण्याचा उपयोग नसतो, कारण फेस बाहेर फुगण्याऐवजी आत ओढला जातो. खात्रीची पद्धत म्हणजे टी-जोड टाकून गेज लावायचं आणि एकेक होज चिमटून काटा बघायचा. पाचगणीत काटा ७३-७४ वर जाऊन ठाण मांडायचा. बूस्टरची होज चिमटा, टाकीची चिमटा, नुसता पंप आणि गेज ठेवा, काटा तिथेच. गळती असती तर होज चिमटल्यावर काटा पुढे सरकला असता. म्हणजे ही पंपाचीच मर्यादा.

आता हिशोब बघा. असा पंप भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंत व्हॅक्यूम ओढतो. समुद्रसपाटीला दाब १०१ किलोपास्कल, म्हणजे पंपाची धाव ८६ पर्यंत. पुण्यात, ५६० मीटरवर, दाब ९५ च्या आसपास आणि धाव ८० पर्यंत. पाचगणी जवळजवळ १३०० मीटरवर, तिथे दाब ८६-८७ आणि धाव ७३-७४! स्विच ७५ ची वाट बघत बसलेला आणि पंप जीव तोडून ७४ वर. पंपावर पैसे घालून हे कायमचं सुटत नाही. महागडा पंप फार तर चार-पाच टक्के वर जाईल, पाचगणीत कसाबसा ७५ गाठेल, पण आणखी उंचावर तोही अडकेल.

स्विचचा स्क्रू फिरवून ६० वर आणणं हा सोपा इलाज, पण मग खाली सपाटीवर बूस्टरला विनाकारण कमी साठा मिळतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या या स्विचांचा चालू-बंदमधला फरक जेमतेम पाचेक किलोपास्कल असतो. पेडलला नुसता पाय लागला तरी पंप सुरू, रिलेची टकटक वेगळीच. माझं स्पष्ट मत: घाटात जाणाऱ्या गाडीत डायफ्रॅम स्विच मुख्य नियंत्रणाला लावूच नये.

म्हणून स्विचची हकालपट्टी. त्याच्या जागी एमपीएक्सव्ही ६११५व्ही सेन्सर (उणे ११५ ते ० किलोपास्कल, आउटपुट ०.२ ते ४.६ व्होल्ट), भोवतालच्या दाबासाठी बीएमपी २८० सेन्सर आणि वर एक आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड). उंबरठे ठरावीक आकड्यात न ठेवता टक्क्यांत ठेवले: भोवतालच्या दाबाच्या ५५ टक्क्यांखाली पंप सुरू, ७२ ला बंद, ३५ खाली गेला की बझर. पुण्यात हे ५२ आणि ६८ होतात, पाचगणीत साधारण ४८ आणि ६२. आता वरही पंप थांबतो. काटा ६२ ला पोचला, टक् असा आवाज झाला आणि बॉनेटखाली शांतता! वर बूस्टरची मदत थोडी कमीच राहणार, पण तशी ती पेट्रोल गाडीतही कमी होतेच.

बांधताना जपायच्या गोष्टी. बीएमपी २८० ३.३ व्होल्टवर चालतो, नॅनो ५ वर. लेव्हल शिफ्टर (दोन्ही व्होल्टेज जुळवणारा भाग) असलेलंच मॉड्यूल घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत तो असलेली आणि नसलेली दोन्ही मिळतात आणि दिसतात सारखीच. सर्किटच्या डब्याला छोटं भोक हवं, हवाबंद डब्यात बाहेरचा दाब कळणार कसा? व्हॅक्यूम सेन्सरची सिग्नल वायर तुटली आणि इनपुट ० व्होल्टला गेलं, तर नॅनोला वाटतं व्हॅक्यूम भरपूर आहे, आणि पंप कधीच सुरू होत नाही. त्यामुळे त्या इनपुटला ४७ किलोओहमचा पुल-अप (५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) द्या, म्हणजे वायर तुटली की वाचन ५ व्होल्टकडे जातं. ४.८ च्या वर किंवा ०.२ च्या खाली काहीही आलं तर पंप चालू आणि दिवा चालू.

रिले पाच पिनांचा, पंप ८७ए वर (कॉइलला वीज नसताना जोडलेली राहणारी पिन). नॅनो रिले ओढतो तेव्हा पंप थांबतो. नॅनो मेला तर पंप आपोआप चालत राहतो. कॉइल बहुतेक वेळ दीडेकशे मिलिॲम्पिअर खाते, ते परवडलं. ८७ए ची क्षमता ८७ नंबरच्या पिनेपेक्षा कमी असते, ती रिलेवर छापलेली बघून घ्या. पंप ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला तर फक्त दिवा लागावा, पंप बंद होऊ नये. ब्रेकच्या बाबतीत पंप जळायचा धोका परवडतो, आपणच थांबवलेला पंप नाही.

होजबद्दल: सिलिकॉनची मऊ नळी गरम झाली की व्हॅक्यूमखाली चपटी होते. नाना पेठेत ब्रेक बूस्टरची म्हणून मिळते तीच धाग्याची रबरी होज घ्या.

हे लिहिता लिहिताच सुचलं: ब्रेक लाइटच्या स्विचची वायर नॅनोला (व्होल्टेज डिव्हायडरमधून) दिली, तर पेडल न दाबता व्हॅक्यूम किती वेगाने उतरतो हे सतत मोजता येईल. म्हणजे गळती सुरू झाली की बझरच्या कितीतरी आधी कळेल. आधी हे करायचं, त्यामुळे एसीचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर पुढे ढकलला. तसंही त्यासाठी वेगळं (पीओई) तेल आणि जुन्या (पीएजी) तेलाचा थेंबही न ठेवता धुतलेली लाइन लागते.

स्टीअरिंगचा बेतही बदलला. हायड्रॉलिक पंपाला वेगळी मोटर लावण्याऐवजी जुन्या वॅगन-आरची ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग) कॉलम. तिच्या कंट्रोलरला इंजिनाचा आरपीएम सिग्नल लागतो आणि इथे इंजिनच नाही, तेव्हा आयडलिंगइतके खोटे पल्स नॅनोच्याच मोकळ्या पिनेवरून द्यायचे. फक्त जागेवर स्टीअरिंग फिरवताना ईपीएस ३०-४० ॲम्पिअर ओढते, आणि आत्ताचा डीसी-डीसी (मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर) ३० चा आहे. १२ व्होल्टची बॅटरी धक्का झेलेल, पण आधी तिच्याकडून येणारी वायर १० चौरस मिमीची करावी लागेल.