तुम्ही विचारलंत म्हणून: नंबर तर आला, आता पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं?

दर महिन्याला कोणी ना कोणी पोरगा (हल्ली पोरीपण, आणि त्या जास्त चिकाटीच्या निघतात असं माझं मत) सांगलीत विश्रामबागला माझ्या ऑफिसात येतो नाहीतर व्हॉट्सॲपवर टाकतो की काका, महारेराची (बांधकाम प्रोजेक्टवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) परीक्षा पास झालो, प्रॉपर्टी एजंटचा नोंदणी नंबर आला, कार्डं पण छापली, आता पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते सांगा. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी अभिनंदन, आणि हे मनापासून. 2017 ला महाराष्ट्रात रेरा आला, त्याच्या आधी ह्या धंद्यात पडायला एक मोबाईल आणि एक टू व्हीलर पुरायची, आणि लोकं पण 'दलाल' म्हणून तोंड वाकडं करायची. आता 20 तासांचं ट्रेनिंग, आयबीपीएसची (बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) परीक्षा, 10,000 रुपये फी आणि मग 5 वर्षांची नोंदणी, म्हणजे निदान दारात उभं राहिल्यावर सांगायला काहीतरी आहे. तो नंबर प्रत्येक जाहिरातीत टाका, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फ्लॅटचा फोटो टाकताना पण टाका. आणि ज्या प्रोजेक्टला रेरा लागतो पण नंबर नाही, त्याच्या वाट्याला जाऊ नका, बिल्डर कितीही म्हणू दे की नंबर येतोयच आठवड्यात. जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट 8 पेक्षा जास्त, असं दोन्ही असलं की नोंदणी लागते, आणि प्लॉटिंगचा प्रोजेक्टपण ह्यातच येतो, हे शंभरातल्या नव्वद जणांच्या लक्षात नसतं. एजंटला दंड दिवसाला 10,000 आहे आणि तो वाढत वाढत त्या प्रॉपर्टीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तुमची दलाली त्याच्यापुढं चहापाण्याची.

आता गिऱ्हाईक. खरं सांगू, पहिले काही महिने गिऱ्हाईकाच्या मागं लागूच नका. सांगली मिरजेत घर घेणारी माणसं भरपूर आहेत, फ्लॅटचे फोटो पाठवणारे एजंटपण भरपूर आहेत, पण त्या माणसाला शेजारी बसवून कागद वाचून दाखवणारा कोणी मिळत नाही. तो माणूस तुम्ही व्हा. वकिलाचा सर्च रिपोर्ट लागतोच, तो टाळायचा नाही, पण वकिलाकडं जायच्या आधी तुम्हाला स्वतःला कळलं पाहिजे की ह्यात गोम कुठं आहे.

सातबारा घेतला की पोरं नाव बघतात, क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. अहो, इतर हक्कात बघा. तिथं विकास सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा असतो, कधी कुळाचं नाव असतं, कधी पुनर्वसनाचा शेरा असतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिलंय का बघा, असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मग जुने फेरफार काढून मागं मागं जा. सिटी सर्व्हेच्या हद्दीत असाल तर प्रॉपर्टी कार्डावर पण तेच. हे वाचायला कोणी शिकवत नाही, जुन्या डीड रायटरच्या (दस्त लिहिणाऱ्याच्या) टेबलाजवळ दुपारभर बसलात की आपोआप येतं, चहा तेवढा तुम्ही पाजायचा.

आणि बहिणी. आपल्याकडं व्यवहार अडकतो तो पैशापेक्षा सहीवर. बाप वारलेला, दोघं भाऊ विकायला तयार, रेट ठरला, टोकन घ्यायचं चाललंय आणि मग कळतं की इचलकरंजीला दिलेल्या बहिणीला कोणी विचारलेलंच नाही, 'तिला काय विचारायचं, ती नाही म्हणणार नाही' असं म्हणत्यात. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकमाईत मुलीचा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, आणि वडिलोपार्जितात 2005 च्या दुरुस्तीनं ती मुलाच्या बरोबरीला आली. त्यामुळं पहिल्या भेटीतच, फार कायदेशीर न वाटता, 'तुम्ही भावंडं किती' एवढं विचारून घ्यायचं. बहीण खरेदीखताला सही करायला येणार आहे का हक्कसोड पत्र देणार आहे, हे तिच्याच तोंडून ऐकायचं. भावाच्या तोंडून ऐकलेलं धरायचं नाही.

सांगलीत धंदा करायचा आणि गुंठेवारी माहीत नाही असं चालत नाही. कुपवाडच्या बाजूला, मिरजेच्या कडेला, किती तरी लोकांनी साध्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठा दोन गुंठे घेतले, घरं बांधली, पोरांची लग्नं पण त्याच घरात झाली. 2001 चा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा त्यासाठीच आला. अशा घराचं गिऱ्हाईक आलं तर पहिला प्रश्न, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का. नसेल तर बँक कर्जाला हात लावायची नाही, आणि गिऱ्हाईक तुमच्यावर चिडणार.

मग पाणी. पुण्याच्या एजंटला हा विषय नसतो, आपल्याला पहिला आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला परत आलं. त्यामुळं इथं माणूस व्हिट्रिफाईड टाईल्स आणि मॉड्युलर किचन नंतर बघतो, आधी विचारतो '19 ला इथं कुठवर आलं होतं?' ह्याचं उत्तर तुम्हाला गल्लीनुसार माहीत पाहिजे. पुराची निळी रेषा लाल रेषा पाटबंधारेच्या नकाशात बघाच, पण समोरच्या किराणा दुकानदाराला पण विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. आणि नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचंच पाणी आठवडे आठवडे तुंबतं. ह्यातलं काही लपवू नका. बाजारातून कोणी ना कोणी सांगणारच आहे त्याला, तुम्ही आधी सांगितलंत तर पुढचा फ्लॅट तो तुमच्याकडूनच बघतो.

पैशाचं थोडक्यात. टोकन रोखीत 20,000 किंवा वर घ्यायचं नाही, चेक नाहीतर ऑनलाईन. बिल्डरला रजिस्टर साठेखताशिवाय (विक्रीच्या कराराशिवाय) 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे गिऱ्हाईकाला तुम्हीच सांगा. नोंदणी फी 1 टक्का पण 30,000 च्या वर नाही, बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, ती अटींसकट सांगा. आणि आपली दलाली पहिल्याच दिवशी बोला, व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. लाजून गप्प बसलेला एजंट खरेदीच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसबाहेर भांडत असतो.

'पण काका तोपर्यंत खायचं काय?' हे पण विचारतात. भाडं. मिरजेत मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटलं, इकडं वालचंद, विलिंग्डन ही कॉलेजं, दर वर्षी नवीन माणसं खोली शोधत येतात. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मिळते, करारनामा ऑनलाईन रजिस्टर करून द्या, त्यातून महिना निघतो. मोठे एजंट ह्याला कमी समजतात, समजू देत. आज वन आरके बघणारा डॉक्टर प्रॅक्टिसला लागला की टू बीएचके बघतो. आणि पितृपक्षात कोणी टोकन देत नाही हे धरूनच दसऱ्यापर्यंतचे पैसे बाजूला ठेवा.

एक जागा अजून, जी नवीन पोरं बघतच नाहीत. विटा, खानापूर, आटपाडीची गलाईवाली मंडळी देशभर पसरलीत, सोनं चांदी गाळायच्या धंद्यात पैसा बरा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना म्हातारपणी सांगलीत घर पाहिजे. ते दिवाळीत नाहीतर गावच्या यात्रेला चार दिवस येतात, त्या चार दिवसात तुम्ही कार्ड घेऊन गेलात तर तुमच्यासारखेच दहाजण दारात उभे असतात. आधी जा. गावात त्यांचे आईवडील असतात, त्यांचा सातबारा काढून द्या, वारस नोंद अडली असेल तर तलाठ्याकडं सोबत चला, फ्लॅटचा विषय तुम्ही काढू नका, तेच काढतात. पैसे कोइमतूरहून येऊ देत नाहीतर कोलकात्याहून, फ्लॅट बघायला लिफ्टमधून वडीलच वर जाणार आहेत.