तुम्ही विचारलंत म्हणून: भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर?

"काय हो, भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर तुम्ही काय करता?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, अलिबागच्या एसटीत, कुठेही ओळख निघाली की हा प्रश्न येतोच. त्याच्या मागोमाग दुसरा: "मग मेकॅनिक कुठून येतो? आणि पार्ट कुठून आणता?"

मी मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर आहे. "मेकॅनिक आम्हीच, आणि पार्ट बोटीवरच असतात," एवढं सांगितलं की लोकांचं समाधान होतं. ते खोटं नाही, पण त्यात मुख्य गोष्ट राहून जाते. इंजिन थांबतं त्या रात्री आम्हाला काय करता येईल, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. हवा तो पार्ट स्टोअरमध्ये आहे का, तो अस्सल आहे का, जुना शेवटचा कधी काढला होता, तेव्हा झीज किती भरली होती, हे सगळं कित्येक महिने आधी बंदरात आणि ऑफिसात ठरून गेलेलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आधी इंजिनाचा आकार डोळ्यासमोर आणा. कोळसा, धान्य, खनिज वाहणाऱ्या मध्यम जहाजांवर मॅन बी अँड डब्ल्यूचं सहा सिलिंडरचं एस50एमसी-सी हे इंजिन बरंच दिसतं. सिलिंडरचा व्यास 500 मिलिमीटर, पिस्टनची धाव 2 मीटर, ताकद 9,480 किलोवॅट आणि वेग मिनिटाला जेमतेम 127 फेरे. इंजिन रूमच्या तीन मजल्यांतून ते उभं असतं. मध्ये गिअरबॉक्स नाही, शाफ्ट सरळ प्रोपेलरपर्यंत जातो. जहाज मागे घ्यायचं तर इंजिन थांबवायचं आणि 30 बार दाबाची हवा सोडून उलट्या दिशेनं सुरू करायचं. इंधनाचं जाड तेल 130 अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजेक्टरमधून नीट फवारलं जात नाही. असं इंजिन आठवडेच्या आठवडे न थांबता चालतं.

आमच्याकडे देखभाल तासांवर चालते. प्रत्येक सिलिंडरला आम्ही युनिट म्हणतो, आणि प्रत्येक युनिटच्या प्रत्येक मोठ्या पार्टचे रनिंग अवर्स वेगळे मोजले जातात. इंजेक्टर साधारण आठ हजार तासांनी, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन सोळा हजारांच्या आसपास. मॉडेल आणि तेल बदललं की हे आकडे बदलतात. शिवाय वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाज नियमांत बसतं का ते तपासणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर पाच वर्षांच्या चक्रात एकेक यंत्र उघडलेलं पाहून सही करतो. आपल्याकडची अशी संस्था म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, 1975 सालची, मुंबईतली.

पण नुसते तास मोजून इंजिन सांभाळता येत नाही. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे बंदरात जहाज टेकल्यावर केलेली स्कॅव्हेंज पोर्टची, म्हणजे सिलिंडरमध्ये ताजी हवा शिरते त्या भोकांची, तपासणी. इंजिन थंड होऊ द्यायचं, सुरू करण्याची हवा बंद करायची, इंजिन हळू फिरवणारा टर्निंग गिअर लावायचा, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, पाटी लावायची आणि मग स्कॅव्हेंजच्या पेटीत आत शिरायचं. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, खालच्या बाजूला जी ही भोकं असतात त्यांतून टॉर्च मारून पिस्टन हळूहळू वरखाली करत त्याच्यावरच्या रिंगा पाहायच्या. रिंग ओली आणि चकचकीत असेल, काडीनं दाबल्यावर आत जाऊन परत येत असेल, तर ती जिवंत. काळी, कोरडी असेल तर गॅस तिच्या बाजूनं खाली येतोय. रिंगेवर उभ्या रेघा असतील तर तेलात बारीक कठीण कण आलेत.

हे कण येतात रिफायनरीतून. तिथल्या प्रक्रियेत वापरलेल्या ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या उत्प्रेरकाची ती भुकटी असते. अशा तेलाच्या मानकात किलोमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत ती चालते, पण इंजिनात जाताना ती 15 च्या खाली असावी असं इंजिन बनवणारे सांगतात. मधला फरक प्युरिफायर या तेल स्वच्छ करणाऱ्या यंत्रानं काढायचा. प्युरिफायर चौथ्या इंजिनिअरकडे असतो, बहुतेक वेळा बोटीवरचा सगळ्यात तरुण अधिकारी. त्यानं डिस्क वेळेवर साफ केल्या नाहीत की दोन महिन्यांनी सेकंड इंजिनिअरला लायनर बदलावा लागतो. म्हणून नव्या पोराला मी पहिल्या आठवड्यात प्युरिफायरपासून हलू देत नाही.

युनिट उघडणं हे सगळ्या इंजिन रूमचं काम. बंदरात असलो तर आधी बंदराची परवानगी, कारण तेवढा वेळ जहाज स्वतःहून हलू शकणार नाही. थंड करणारं पाणी काढायचं, हायड्रॉलिक जॅक लावून कव्हरचे नट सैल करायचे, क्रेननं कव्हर उचलायचं. लायनरच्या वरच्या कडेला साचलेला कार्बन आधी खरवडून काढायचा, नाहीतर पिस्टन येताना रिंगा तिथे अडकतात. मग खाली क्रॉसहेडपाशी, म्हणजे पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडलेले असतात तिथे, पिस्टन रॉड सोडवायचा, आणि सुमारे टनभर वजनाचा पिस्टन रॉडसकट हळूहळू वर. या वेळी कुणी बोलत नाही, फक्त क्रेनवाल्याला हाताच्या खुणा.

पिस्टन बाहेर आला की लायनर मोजायचा. ठरावीक खोलीवर, जहाजाच्या लांबीच्या दिशेनं एकदा आणि आडव्या दिशेनं एकदा. हजार तासांमागे झीज मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमी हवी. मागच्या वेळचं माप आणि आजचं माप शेजारी ठेवलं की हा लायनर अजून किती चालेल ते कळतं. हा कागद मला नव्या पार्टइतकाच मोलाचा वाटतो. जहाज विकलं जातं, कंपनी बदलते, आणि जुन्या नोंदी हरवतात. मग पुढच्या चीफला इंजिन आहे पण इंजिनाचा इतिहास नाही. अशा जहाजावर जाणं मला मनापासून नको वाटतं.

आता पार्टांकडे येतो. एक जादा लायनर, एक पिस्टन, एक सिलिंडर कव्हर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, बेअरिंगांचा संच अशी किमान यादी वर्गीकरण संस्थांनी सुचवलेली असते. जादा लायनर इंजिन रूमच्या भिंतीला बोल्टांनी बांधलेला दिसेल. बाकीचं सगळं आम्ही इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवून मागवतो. त्यात इंजिनाचा प्रकार, इंजिन क्रमांक, बनवणारी कंपनी, पुस्तकातला प्लेट क्रमांक आणि त्यातला आयटम क्रमांक, हे सगळं लागतं. कारण या इंजिनांचं डिझाइन कोपनहेगनचं असलं तरी ती कोरिया, जपान, चीनमध्ये परवान्यावर बनतात, आणि एकाच नावाच्या दोन इंजिनांत एखादा ओ-रिंग वेगळा निघू शकतो. इंडेंट ऑफिसात जातं, कंपनीचा किनाऱ्यावरचा सुपरिंटेंडंट तपासतो, किंमत मागवली जाते, मग सामान सिंगापूरला किंवा अमिरातीतल्या फुजैराला लाँचमधून बोटीवर येतं. यात तीन-चार महिने सहज जातात.

आणि इथेच कात्री लागते. एका कंपनीत मी पिस्टन रिंगांचे दोन संच मागितले होते, एकच मंजूर झाला. शेरा होता: पुढच्या तिमाहीत पाहू. जुलैत आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा भरून भारताकडे येत होतो. अरबी समुद्र खवळलेला होता. चार नंबरच्या युनिटचं स्कॅव्हेंजचं तापमान चढायला लागलं. आतला गाळ पेटलेला. वेग कमी केला, त्या युनिटचं इंधन बंद केलं, सिलिंडर ऑइल वाढवलं, आणि दारं थंड होईपर्यंत उघडली नाहीत, कारण गरम दार उघडलं की हवा आत जाऊन भडका उडतो. नंतर थांबून पाहिलं तर दोन रिंगा तुटलेल्या. त्या हेलकाव्यात टनभराचा पिस्टन क्रेनला लटकवणं म्हणजे माणूस मारणं. पाच युनिटांवर हळू चालत किनाऱ्यापर्यंत आलो आणि नांगरावर युनिट उघडलं. एक संच होता, तो चारला गेला. दोन नंबरच्या रिंगाही संपत आल्या होत्या, हे आम्ही आधीच लिहून कळवलेलं होतं. नवा संच येईपर्यंत महिनाभर जहाज कमी वेगानं चालवावं लागलं. त्या महिन्यात वाया गेलेल्या वेळेच्या पैशात किती रिंगा आल्या असत्या, हे ऑफिसला मी आकड्यांसकट लिहिलं. मला आजही वाटतं की इंडेंटमधली ओळ खोडणाऱ्यानं कारण लिहून सही करायला हवी, जशी आम्ही प्रत्येक मापाखाली करतो.

"बाहेरचा स्वस्त पार्ट चालत नाही का?" हाही प्रश्न असतो, विशेषतः गाड्यांच्या धंद्यातल्या मित्रांचा. काही ठिकाणी चालतो. फिल्टर, पाइप, पंपाचे साधे सील, चांगल्या कारखान्यातून घेतले तर मला हरकत नाही. अलंगला जहाजं तोडतात, तिथून भावनगरच्या आणि आपल्या मुंबईतल्या दारूखाना भागातल्या बाजारात उतरलेले जुने पार्टही सगळे वाईट नसतात. जनरेटरचं एखादं सिलिंडर हेड, पंपाचं केसिंग, तपासून, मोजून, दाब देऊन पाहिलं तर अनेक वर्षं काम देतं. बंद झालेल्या मॉडेलच्या मालकांना तर तोच आधार आहे.

पण बेअरिंग, इंजेक्टरचा नोझल, पिस्टन रिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांत मी तडजोड करत नाही. नोझलची भोकं डोळ्यांना सारखीच दिसतात, पण कोन थोडा चुकला की ज्वाला लायनरवर आदळते. शिवाय 2000 सालापासूनच्या जहाजांवर 130 किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडच्या धुराची मर्यादा आहे, आणि त्यासाठीच्या टेक्निकल फाइलमध्ये ज्या पार्टांचा धुरावर परिणाम होतो त्यांचे ओळख-क्रमांक लिहिलेले असतात. सर्व्हेअर नोझलवरचा क्रमांक फाइलशी ताडून पाहतो. गॅस्केटचंही तसंच: 2011 पासून जहाजावर नवं ॲस्बेस्टॉस बसवायला पूर्ण बंदी आहे, तरी "ॲस्बेस्टॉसमुक्त" असा कागद घेऊन आलेल्या गॅस्केटमध्ये ते सापडल्याची उदाहरणं आहेत. ते गॅस्केट घासून काढणारा फिटर असतो, आणि धूळ त्याच्या छातीत जाते.

बेअरिंगचं कारण त्याहून गंभीर. बेअरिंग तापलं की क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या बंद पेटीतल्या, वंगणाची वाफ होते, तिचं धुकं बनतं, आणि ठिणगीची गरजही नसते, तापलेला भागच ते पेटवतो. 1947 च्या सप्टेंबरमध्ये रेना देल पासिफिको या ब्रिटिश जहाजावर दुरुस्तीनंतरच्या चाचणीत असा स्फोट होऊन 28 माणसं गेली. आज क्रँककेसच्या दारांवर दाब सोडणारे व्हॉल्व्ह आणि आत धुकं ओळखणारं यंत्र असतं. ते यंत्र वाजलं की वेग कमी करून इंजिन थांबवायचं, आणि दार उघडायची घाई अजिबात नाही.

आणि किरकोळ वाटणाऱ्या रोजच्या कामावरही जहाज अवलंबून असतं. 23 मार्च 2019 ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, हुस्टाडविकाच्या वादळी पट्ट्यात, व्हायकिंग स्काय या प्रवासी जहाजाची वीज गेली. जहाजावर 1,373 माणसं होती. ते विजेवर चालणारं जहाज, चार डिझेल जनरेटरांचं. एक जनरेटर टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बिघडल्यामुळे आधीच बंद होता. उरलेल्यांच्या वंगणाच्या टाकीत पातळी हवी त्यापेक्षा कमी होती. जहाज जोरात हलू लागलं तसा पंपांना तेलाऐवजी हवा मिळाली आणि सुरक्षा यंत्रणेनं एकेक इंजिन बंद केलं. जहाज खडकांकडे वाहत गेलं. 479 लोकांना हेलिकॉप्टरनं दोरीला बांधून उचलावं लागलं. एक टर्बोचार्जर दुरुस्त व्हायचा राहिलेला आणि टाकीत थोडं कमी तेल, दोन्ही गोष्टी आमच्या रोजच्या यादीतल्या.

तर, इंजिन बंद पडलं तर काय करतो. ब्रिजला कळवतो. ते दिवसा दोन काळे गोळे आणि रात्री एकावर एक दोन लाल दिवे लावतात, म्हणजे इतर जहाजांना कळतं की हे जहाज वळू शकत नाही. बहुतेक वेळा कारण इंजेक्टर, इंधनाचा हाय-प्रेशर पाइप किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतं. पाइपाला दुसरं आवरण असतं, गळती त्यात साठते आणि अलार्म वाजतो, त्यामुळे गरम धातूवर तेल उडण्याआधी आम्हाला कळतं. नवा इंजेक्टर दाब तपासून कपाटात तयार ठेवलेला असतो. सेकंड, फिटर आणि एक ऑइलर मिळून तो तासा-दोन तासांत बदलतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असेल तर थोडे जास्त. पार्ट नसेल तर ते युनिट बंद करून बाकीच्यांवर चालतो. तेही जमलं नाही तर जहाज ओढून नेणारी टग बोट, आणि टग येईपर्यंत लाटांना आडवं पडून हेलकावे खाणं.

सगळं सुरू झाल्यावर आणि सगळ्यांनी चहा घेतल्यावर मी कंट्रोल रूममध्ये बसून दोन कागद करतो. एकावर काढलेल्या पार्टचे तास आणि झीज. दुसरं नवं इंडेंट, वापरलेल्या एकाच्या जागी दोन नगांचं, आणि ऑफिसात कुणी खोडलं तर त्यानं कारण लिहावं म्हणून त्या ओळीपुढे मोकळा सोडलेला रकाना.