परवानगीचे अपूर्णांक

काल रात्री दीडपर्यंत एका बगच्या मागे होतो, कूलर घरघरतोय तरी घाम, नागपूरचा मे महिना आहे शेवटी. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामं), एकच लिस्ट, एक वाचतोय अन दुसरा त्याच वेळी भर घालतोय, जागा पुरली नाही की लिस्ट मेमरीत दुसरीकडे हलते आणि वाचणाऱ्याच्या हातात जुना पत्ता राहतो. टेस्ट मात्र बहुतेक वेळा पास!

हे प्रोग्राम न चालवता, नुसत्या कोडवरून पकडता येतं, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली आयडिया संगणकशास्त्रज्ञ जॉन बॉयलंडची, २००३ मधली, फ्रॅक्शनल परमिशन, म्हणजे अपूर्णांकातली परवानगी. मेमरीच्या प्रत्येक जागेची परवानगी एकूण १. लिहायचं तर पूर्ण १ हातात पाहिजे, वाचायला कितीही छोटा तुकडा चालतो, म्हणजे १/२ तुझ्याकडे १/२ माझ्याकडे, दोघंही निवांत वाचा, पण लिहायचं म्हटलं की तुकडे जोडून परत १ करावाच लागतो. किती साधं आहे हे, शाळेतलं गणित!

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतला बॉरो चेकर, म्हणजे कोण वाचतं न् कोण बदलतं ते तपासणारा भाग, याच्या जवळचाच, बदलणारा रेफरन्स (जागेकडे बोट दाखवणारा) एकच नाहीतर वाचणारे कितीही. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या वायपर या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये मात्र अपूर्णांक आपण स्वतः फंक्शनच्या अटींमध्ये लिहितो.

सकाळी तर्री पोहे खाता खाता मित्राला कागदावर काढून दाखवलं, तर तो म्हणे, अन एखाद्यानं तुकडा परतच नाही केला तर? बरोबर विचारलं त्यानं. मग १ जुळतच नाही, ती जागा फक्त वाचण्यापुरती उरते, आणि पुढं कुठं लिहायला गेलात की टूल त्याच ओळीवर अडवतं.