डोळा नव्हे, दाढ

"डॉक्टर, तो डोळा पुन्हा सुजलाय," म्हणत काका आत आले आणि माझा चेहरा पडला. महिन्यापूर्वी तो डोळा मीच 'बरा' केला होता.

नऊ वर्षांचा कुत्रा, डाव्या डोळ्याखाली बोराएवढी सूज. त्या दिवशी गर्दी होती. मी डोळ्यात घालायचे थेंब आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. सूज ओसरली. काकांनी फोन करून आभार मानले, मी ते खुशाल घेतले.

या वेळी डोळ्याकडे न बघता ओठ वर उचलला. उजवीकडचे दात थोडे पिवळे, पण डावीकडे दाढांवर कीटणाचा तपकिरी थर, हिरडी लालभडक, आणि बोट लागताच रक्त. एकाच बाजूला एवढं कीटण म्हणजे त्या बाजूनं चावणं कधीच बंद झालेलं. वरची सर्वांत मोठी दाढ उभी चिरली होती. तिला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याखाली जातात. पू मुळाशी होतो, सूज डोळ्याखाली दिसते. गोळ्यांनी ती तात्पुरती बसते, मूळ मात्र तसंच राहतं.

"काका, तोंडाला वास येत होता का?"

"कुत्र्याच्या तोंडाला कुत्र्याचाच वास येणार ना!"

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. "पण जेवतो तर अगदी व्यवस्थित," हे त्याच्या मागोमाग येतंच. जेवणारच. दुखतंय म्हणून कुत्रा उपाशी राहत नाही. न चावता गिळतो. मग काकांना आठवलं, दोन वर्षांपासून त्यानं चेंडू तोंडात धरणं सोडलं होतं. घरच्यांनी ते वयावर ढकललं होतं. आणि हो, चघळायला म्हणून एक दगडासारखं टणक हाड घरात कायम पडलेलं असायचं. दाढ चिरायला तेवढं पुरतं. नखानं दाबून जे जराही दबत नाही, ते कुत्र्याला चघळायला देऊ नये.

रक्त तपासून दुसऱ्या दिवशी भूल दिली. एक्स-रेमध्ये मुळांच्या टोकांशी काळी वलयं दिसली. दाढेचे तीन तुकडे करून एकेक मूळ सुटं काढलं, टाके घातले, बाकीचे दात हिरडीच्या आतपर्यंत साफ केले. भूल न देता दात खरवडून देणारे असतात. त्यानं दात चमकतात, पण आजार असतो तो हिरडीच्या खाली.

जखम भरल्यावर काका ब्रश घेऊन हजर. सोबत स्वतःची टूथपेस्टही. ती आधी बाजूला ठेवायला लावली. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरवतं. प्राण्यांसाठीची पेस्ट वेगळी मिळते, गिळली तरी चालते.

पहिले काही दिवस ब्रश नकोच. बोटाला पेस्ट लावून चाटू द्यायची, मग ओठाखाली बोट फिरवायचं, मग मऊ ब्रश. तोंड उघडायची झटापट कशाला? ओठ उचलून दातांची गालाकडची बाजू घासली तरी बरंच साधतं. जोर वरच्या मागच्या दाढांवर द्यायचा. लाळेची नळी तिथं उघडते, म्हणून कीटण तिथंच जास्त धरतं. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, आणि एकदा कडक झाला की ब्रशला दाद देत नाही. म्हणून रोज. रविवारी एकदा कसून घासणं म्हणजे नुसती करमणूक. (माझी मांजर मला दोन दिवसांतून एकदाच हात लावू देते, हे काकांना सांगितलं नाही.)

सहा महिन्यांनी दोघं लशीसाठी आले. मी सुई भरेपर्यंत काकांनी स्वतःच कुत्र्याचा ओठ वर केला. "इथं मागं जरा पिवळं वाटतंय, बघा." कुत्र्यानं सवयीनं जीभ बाहेर काढली, त्याला वाटलं, पेस्ट आली.