आज बी थंडच हाय

जुलैचा दुसरा आठवडा होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकत होती आणि शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीच्या गेटवर येणारा प्रत्येक जण आधी "किती फूट?" विचारत होता. माझ्या टेबलावर मात्र दुसराच आकडा होता. गिऱ्हाइकाकडून पंप बॉडीचे ४२ नग परत आले होते. मशिनिंगला लावल्यावर आतल्या बाजूला ब्लो होल, म्हणजे वायूनं पडलेली भोकं, निघाली, आणि सोबत मेल होता: ८डी रिपोर्ट (दोष का आला आणि त्यावर उपाय काय, याचा आठ टप्प्यांचा अहवाल) तीन दिवसांत पाठवा.

सकाळी नऊला मीटिंग घेतली. मेल्टिंग, मोल्डिंग, कोअर शॉप, क्वालिटी, सगळ्यांचे सुपरवायझर हजर. बोर्डावर मी माशाचा सांगाडा काढला, म्हणजे दोषाची संभाव्य कारणं काट्यांसारखी मांडायची ती आकृती. मेल्टिंगवाला म्हणाला, स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) ओके आहे. मोल्डिंगवाला म्हणाला, वाळूत ओल साडेतीन टक्केच आहे. कोअर शॉपचा सुपरवायझर म्हणाला, "साहेब, सगळं एसओपीप्रमाणं चाललंय." मग सगळे बोर्डावरच्या त्या माशाकडं बघत बसले. "अजून कुणाला काय सांगायचंय?" असं मी दोनदा विचारलं. पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा येत होता.

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर भट्टीपुरता, त्यामुळं ऑफिसात अंधार. मी उठून खाली कोअर शॉपमध्ये गेलो. तपासणी वगैरे काही डोक्यात नव्हतं, खाली चहा आला असेल एवढंच.

फाउंड्रीत काम न केलेल्यांसाठी थोडं सांगतो. कास्टिंगच्या आत पोकळ जागा हवी असेल तर साच्यात तिथं वाळूचा कोअर बसवतात. त्याला पाण्यात कालवलेल्या ग्रॅफाइटचा वॉश, म्हणजे लेप, देतात आणि ओव्हनमध्ये सुकवतात. ओल राहिली, तर चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस भोवतीनं आला की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. तिला वाट मिळाली नाही तर ती गोठणाऱ्या लोखंडातच अडकते. तोच ब्लो. बाहेरून कास्टिंग देखणं दिसतं, आतून भोकं.

कोअर शॉपमध्ये सहा बायका काम करतात. त्यातल्या आक्का सगळ्यांत जुन्या. मी रिकाम्या क्रेटवर चहा घेऊन बसलो होतो. उघड्या दाराच्या उजेडात आक्का ट्रॉलीवरचे कोअर उचलून बघत होत्या. शेजारणीला हळूच म्हणाल्या, "आज बी थंडच हाय गं."

"काय थंड आहे, आक्का?"

"काय न्हाई, सायेब."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्यात शहाणपणा नव्हता, तोंडात बिस्कीट होतं. पण मी उठत नाही म्हटल्यावर त्यांनीच एक कोअर माझ्या हातात दिला. "गालाला लावून बघा."

मी लावला. गार लागला, माठाला गाल लावल्यासारखा. गालावर काळा पट्टा उमटला आणि सगळ्याजणी फिसकन हसल्या. त्या हसण्यानंतर आक्का मोकळ्या झाल्या. "सुकलेला असा लागत न्हाई. तासात ओव्हन बंद करत्यात. उन्हाळ्यात चालून गेलं. आता हवेतच पाणी हाय, कसा वाळायचा?"

"मग सांगितलं का नाही?"

"मी दोनदा बोललो की." (आमच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात.) "वरनं ऑर्डर हाय म्हणले."

वरनं म्हणजे कोण, हे विचारायची गरज पडली नाही. आक्कांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, मार्च महिन्यातली नोटीस चिकटवली होती. ओव्हन अडीच तासांऐवजी एक तास, वीज बचत. खाली सही माझी.

सुपरवायझर मागं येऊन उभा होता. त्याला मी केबिनमध्ये न नेता तिथंच विचारलं, जे चुकलंच. बायकांसमोर त्याला बोलावं लागलं. म्हणाला, "जूनच्या रिव्ह्यूत मी विषय काढला होता, साहेब. तुम्ही म्हणालात, प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्युशन घेऊन या."

म्हणालो होतो. हे वाक्य मी एका हॉटेलातल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो आणि तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये वापरत होतो. फार रुबाबदार वाटायचं. ज्याच्याकडं उत्तर नाही त्यानं तोंड उघडायचं नाही असा त्याचा अर्थ खाली पोचतो, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्याचं सोल्युशन कुणाकडं होतं?

आणि नदीचं बघा. बंधाऱ्यावरचा आकडा गेटवरचा वॉचमन मालकांना विचारतो, मालक वॉचमनला. तिथं कुणी म्हणत नाही की पाणी वाढलंय हे सांगायच्या आधी उपाय आण.

दुपारी लाईट आली. काही कोअर तासभर सुकवले, काही अडीच तास. खडूनं खुणा केल्या आणि एकाच हीटमधून, म्हणजे भट्टीच्या एकाच रसातून, ओतले. रात्री उशिरा गार झालेले नग बँडसॉवर कापले. तासवाल्यांत भोकं, अडीच तासवाले स्वच्छ. एकात वाळू सापडली, पण ती भानगड वेगळी.

रिपोर्टचं काम राहिलं. आमच्याकडच्या (आणि बहुतेक सगळीकडच्या) ८डीमध्ये मूळ कारण ठरलेलं असतं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपायही ठरलेला: ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण. क्वालिटीच्या पोरानं तेच टाइप करून आणलं होतं. मी ते खोडून 'सुकवण्याची वेळ कमी करण्याचा प्लांट हेडचा निर्णय' असं लिहायला लावलं. त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं. मालक फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण रिपोर्ट तसाच गेला.

कागदावर आमच्याकडं सगळं होतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची (मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची समिती) तरतूद होती, म्हणून आमची कमिटीही होती आणि तिचं रजिस्टर एकाच पेनानं भरलेलं होतं. सूचनापेटीही होती. तिची किल्ली कुणाला सापडेना, शेवटी फेटलिंगवाल्यानं (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यानं) कुलूप तोडलं. आत एक गुटख्याची पुडी आणि दोन चिठ्ठ्या. एक वाचता येत नव्हती. दुसरीत लिहिलं होतं, लेडीज संडासाची कडी मोडली आहे, दिवाळीच्या आत बसवा. दिवाळी होऊन आठ महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली ती कडी बसवली. ओव्हनची वेळ बदलल्यापेक्षा त्या कडीची चर्चा जास्त झाली.

मग शिफ्ट बदलताना दहा मिनिटं कोअर शॉपमध्ये उभ्यानं बोलायचं ठरलं. पहिला आठवडा कुणीच बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात जे सुरू झालं ते थांबेना: कॅन्टीनची आमटी, फाटके हातमोजे, गळका पत्रा. सुपरवायझर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याला डावलून मी बायकांचं ऐकतो, असं त्याला वाटायचं, आणि त्या दिवशी मी वागलो होतोही तसंच. त्याची माफी मी मागितली, पण उशिरा. ओव्हनशेजारी वजनकाटा ठेवायची कल्पना त्याची: सुकवण्याआधी आणि नंतर कोअर तोलायचा, वजन किती उतरलं ते पाटीवर लिहायचं.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी आक्कांनी पूर्ण ट्रॉली अडवली. "थंड हाय." रस तयार होता, भट्टी धरून ठेवावी लागली, म्हणजे विजेचे युनिट जळणार. सुपरवायझरनं पाच कोअर तोलले. वजन बरोबर उतरलं होतं. कोअर कोरडे होते, पहाटेच्या गारठ्यानं गार पडले होते. अर्धा तास गेला.

आक्का खाली बघत म्हणाल्या, "चुकलं, सायेब." सुपरवायझर मात्र त्यांच्याकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. सहाही बायका माझ्याकडंच बघत होत्या.

पुढची ट्रॉली ओव्हनमधून निघाली होती. मी तिच्यातला एक कोअर उचलला आणि आक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो गालाला लावला.