पणजीचा भास-नकाशा: वर्णनं झाकली, सूचना ठेवल्या

पणजीत जिथे डोळे किंवा कान फसतात अशा जागा आम्ही एका ऑनलाइन नकाशावर पिना लावून नोंदवतो. या खेपेला नकाशावर नवीन पिना कमी आल्या, पण असलेल्या सगळ्या पिनांचा मजकूर बदलला. 'इथे फेरीबोटीचा धक्का सरकल्यासारखा दिसतो', 'इथे आवाज भलत्याच बाजूने येतो' अशी वर्णनं आता झाकलेली आहेत. पिन उघडली की तीनच गोष्टी दिसतात: उभं कुठे राहायचं, काय करायचं आणि किती वेळ. तुम्हाला काय जाणवलं ते तुम्ही लिहिलंत, की मगच आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी उघडतात. यूमॅप या तयार नकाशे बनवायच्या साइटवर हे जमत नव्हतं, म्हणून पान लीफलेटवर, म्हणजे वेबनकाशे स्वतः घडवायच्या कोडवर, नेलं. खालचा नकाशा मात्र ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचाच आहे.

या बदलामागे आबे फारिया आहेत. 1756 साली कांदोळीत जन्मलेले हे गोंयकार पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवत. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलासा चुंबकी प्रवाह समोरच्यात शिरतो, असं तेव्हा मानलं जाई. फारियांनी ते नाकारलं. जे काही घडतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे घडतं, हे त्यांचं म्हणणं. जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा आहे, त्याची पिन आपल्या नकाशावर नाही; पण नकाशाचा नियम त्यांचाच आहे. 'धक्का सरकतो' असं आधी वाचलेल्या माणसाला तो सरकलेलाच दिसणार. मग ती नोंद त्या जागेची उरत नाही, आपल्या वाक्याची होते.

(म्हणून ज्यांना जागेवर जाऊनच अनुभव घ्यायचा आहे, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद तिथून परत आल्यावर वाचावेत. मी हे मनापासून सांगतोय.)

पणजी-बेती फेरी, म्हणजे मांडवी नदी ओलांडणारी बोट. कठड्याला टेकून एखाद्या बोल्टवर नजर ठेवायची आणि त्याच्या मागून पाणी वाहू द्यायचं, साधारण अर्धा मिनिट. नजर पाण्यामागे धावता कामा नये, नाहीतर परिणाम फिका पडतो. फेरी धक्क्याला लागून थांबली, की लगेच पायऱ्यांकडे बघायचं. स्थिर दगड पाण्याच्या उलट दिशेने सरकू लागतात आणि तरी जागेवरून हलत नाहीत. एका दिशेची हालचाल टिपणाऱ्या मेंदूतल्या पेशी तोवर मंदावलेल्या असतात, त्यामुळे उलट दिशेच्या पेशींचं पारडं जड होतं. रॉबर्ट अॅडम्स यांनी 1834 साली स्कॉटलंडमधल्या एका धबधब्यापाशी याचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे धबधब्यापर्यंत जायलाही नको, कामावर जाता-येता फेरीतच हे घडतं. या अनुभवाला एक बिंदू पुरत नाही, म्हणून इथे पिनेऐवजी रेषा काढली आहे.

मांडवी पुलांची पणजीतल्या पाटो भागाकडची बाजू ही माझी सगळ्यात लाडकी जागा. अटल सेतू जानेवारी 2019 मध्ये खुला झाला, तेव्हापासून इथे डोक्यावर तीन पूल आहेत. खाली उभं राहिलं की वरची गाडी दिसत नाही, फक्त पुलाच्या सांध्यावरून जाताना दोन ठोके ऐकू येतात, पुढच्या चाकांचा एक आणि मागच्या चाकांचा दुसरा. छोट्या कारच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असतं. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, तेव्हा दोन ठोक्यांमध्ये पाव सेकंद जातो. त्याच वेगाच्या बसला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. डोळे मिटून काही मिनिटं ऐकत राहिलं, की कान आपोआप गाड्या वेगळ्या करू लागतात. सुरुवातीला जो नुसता कलकलाट वाटला होता, त्यातून बस, ट्रक, कार अशी ओळीने बाहेर येतात. हे कुणी शिकवावं लागत नाही, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

तिसरी जागा पणजीच्या मळा या वस्तीतली, सकाळी पोदेराच्या (पाव विकणाऱ्याच्या) सायकलचा हॉर्न वाजतो तेव्हाची. जो आवाज कानावर आधी पोचतो, त्याच्या दिशेवर कान विश्वास ठेवतो. सरळ वाट घरांनी अडवली, तर भिंतीवरून आपटून आलेला आवाजच आधी पोचतो. मग पोदेर एका गल्लीत असतो आणि पाव घ्यायला निघालेला माणूस दुसऱ्या गल्लीकडे बघत राहतो.

फोंताइन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीतल्या पिना मी मुद्दाम मुख्य रस्त्याच्या बाजूला सरकवल्या आहेत. तिथले रहिवासी दारासमोरच्या फोटोंना आधीच कंटाळलेत. आपल्या नकाशामुळे कुणाच्या पायरीवर आणखी चार माणसं उभी राहणार असतील, तर ती पिन नसलेली बरी. शिवाय अरुंद गल्लीत जीपीएसचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होतो आणि उघड्यावर पाचेक मीटरच्या आत असणारी चूक बरीच वाढते. म्हणून पिनेजवळ पोचताच फोनवर आवाज आपोआप सुरू होण्याची सोय इथे बंद आहे. त्याऐवजी 'विहिरीकडे पाठ करून उभे राहा' अशा खुणा दिल्या आहेत.

या जागांवर क्यूआर कोडचे स्टिकर लावावेत का, असं काही जणांनी विचारलं. माझं मत ठामपणे 'नको' असंच आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅक्स न्यूहाउस यांनी 1977 साली रस्त्यातल्या जाळीखालून सतत घुमणारा आवाज सोडला आणि तिथे पाटीच लावली नाही. तो 1992 मध्ये बंद झाला, 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. ज्याला ऐकू आला त्याचा तो झाला. आपल्या जागा तर आधीपासूनच तिथे आहेत, त्यांना चिकटवण्यासारखं काही नाही.

आता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगाव घ्यायचं आहे. रेकॉर्डिंग पाठवताना फोनचं नॉइज सप्रेशन बंद ठेवा, कारण पुलाखालचे दूरचे ठोके ते आधी पुसून टाकतं. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) असावी, एक मिनिट पुरे. धक्क्यावर उभं राहून मांडवीचा प्रवाह बघणार असाल तर नोंदीत भरती की ओहोटी ते जरूर लिहा. प्रवाह उलटला की भासाची दिशाही उलटते, आणि तेवढा एक शब्द नसेल तर दोन नोंदी एकमेकींना खोट्या ठरवतात.